मागच्या पायाची पाचर

परसराम गणवीर पाच वर्षांपूर्वी त्या ऑफिसच्या पायरीवर थुंकला होता. चपराशी समोर उभा होता, त्याच्या देखत थुंकला, आणि "मेलो तरी या दारात पुन्यांदा येत नाही" असं ओरडून सायकलवर टांग मारून आपल्या गावच्या, शहापूरच्या रस्त्याला लागला होता. तेव्हापासून भंडाऱ्यात कामाला आला की तो त्या ऑफिससमोरून जाताना मान दुसरीकडे वळवायचा. कुणी तिथलं काम आहे म्हटलं तर "दुसरा हमाल पाहा" एवढंच सांगायचा.

आणि आता जुलैतल्या एका गुरुवारी सकाळी तो त्याच पायरीवर उभा होता. पन्नाशीचा बुटका माणूस. खांदे मात्र असे की प्रत्येक सदरा आधी तिथेच उसवायचा. खांद्यावर जाड नाड्याचं वेटोळं, हातात लोखंडी सब्बल, कमरेला सागवानी पाचरींची पिशवी. मागे गुलाब आणि आणखी दोघं. ऑफिसच्या मोठ्या हॉलमधलं जुनं कारपेट काढून नवं टाकायचं होतं, आणि त्यासाठी सतरा कपाटं, बावीस टेबलं आणि खुर्च्यांचा ढीग बाहेर काढून पुन्हा जागच्या जागी लावून द्यायचा होता. भंडाऱ्याच्या हवेत कारपेट कुणाला हवं असतं देव जाणे. उन्हाळ्यात ते धुळीनं भरतं आणि पावसाळ्यात त्याला ओल्या कुत्र्याचा वास येतो. पण सोमवारी वरचे साहेब तपासणीला येणार होते, आणि वरचे साहेब येणार म्हटलं की सरकारी माणसाला आधी जमीन झाकायची आठवण होते.

"काहून आला बे?" गुलाबनं विचारलं. पंधरा वर्षांचा जोडीदार, त्यामुळे असलं बोलायचा हक्क फक्त त्यालाच होता. "थुकलेलं चाटाले?"

"पोरीचा कागद पाह्याले," परसराम म्हणाला. "साऱ्या आलमाऱ्या खाली होतीन आता. एकूण एक. इथंच कुठं तरी हाये तो."

हा कागद म्हणजे परसरामच्या बापाचा, कवडू गणवीरचा, शाळेचा दाखला. कवडू करडीकडच्या एका खेड्यात चौथीपर्यंत शिकला होता. बेचाळीस साली शाळेतून नाव कमी झालं तेव्हा मास्तरानं काळ्या शाईनं लिहून दिलेली ती हातभर चिठ्ठी. तिच्यावर त्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव आणि जात. पुढे छप्पन साली कवडू नागपूरला गेला आणि ती जात तिथे टाकून आला. आल्यावर घरातले देव गाठोड्यात बांधून तलावात सोडले. पण चिठ्ठी मात्र त्यानं पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली. जात टाकता आली, पण आपण शाळेत गेलो होतो याचा एवढा एकच पुरावा होता, तो टाकवेना.

आणि पन्नासेक वर्षांनी सरकारनं त्याच्या नातीला सांगितलं की आजोबांची ती जात लेखी दाखव, मग पुढचं बोलू. ज्या शब्दाला म्हाताऱ्यानं पाठ फिरवली, तोच शब्द नातीनं डब्यातून काढून साहेबाच्या टेबलावर ठेवायचा. याला नियम म्हणतात. असो. नियम तर नियम, गणवीरांच्या घरानं तोही पाळला.

नात म्हणजे प्रतिक्षा, परसरामची थोरली. दोन हजार आठ साली बारावीला एकाहत्तर टक्के पडले आणि नागपूरला नर्सिंगला नंबर लागला. तिथे जातीचा दाखला मागितला. दाखल्यासाठी या ऑफिसात अर्ज केला. चिठ्ठीची झेरॉक्स काढली तर ती काळीकुट्ट निघाली, एक अक्षर दिसेना. "असली कागद जोडा," बाबूनं सांगितलं. असली कागद जोडला. फाइलची नाडी तुटलेली होती, तर प्रतिक्षानं आपल्या वेणीची हिरवी रिबन सोडली आणि फाइल तिनं बांधून दिली. बाबूनं ती घेतली, खाकी लिफाफ्यात घातली आणि पंधरा दिवसांनी यायला सांगितलं.

पंधरा दिवसांनी फाइल दिसत नव्हती. नंतर महिन्यानंही दिसत नव्हती. बापलेकीनं बरोबर जाऊन बारा चकरा मारल्या. हॉलमध्ये बाबूच्या खुर्चीमागे एक मोठं दुहेरी लोखंडी कपाट होतं, त्याला लागून लोकांना बसायला बाक होता. त्या बाकावर बसून दोघं वाट बघत. त्या सालीच हॉलमध्ये कारपेट टाकलं होतं आणि सामान हलवायचं काम परसरामनंच केलं होतं. बसल्या बसल्या तो शेजारच्या मोठ्या कपाटाला तळहातानं ढकलून बघायचा. हलत नसे. निदान आपलं काम तरी ठाकठीक आहे, एवढंच काय ते समाधान त्याला त्या ऑफिसात मिळायचं.

बाबू म्हणजे मधुकरराव. लाच मागणारा माणूस नव्हता, हे आधी सांगितलेलं बरं. लाच मागितली असती तर परसरामनं सायकल विकून दिली असती आणि पोरगी नर्स झाली असती. मधुकरराव हसून बोलायचे, चहा विचारायचे आणि म्हणायचे, "दिसत नाही रे परसराम. पुढच्या आठवड्यात ये." त्या हसण्यातच मुदत संपली. नागपूरची जागा गेली. नवा दाखला काढावा म्हणून परसराम कवडूच्या शाळेत गेला, तर तिथलं जुनं रजिस्टर वाळवीनं खाल्लं होतं. त्या दिवशी तो परत आला आणि पायरीवर थुंकला.

प्रतिक्षा आता तेवीस वर्षांची होती. भंडाऱ्यातल्या एका खाजगी दवाखान्यात आया म्हणून कामाला जायची. तिच्या वर्गातल्या दोन पोरी पांढरे कपडे घालून तिथेच इंजेक्शनं द्यायच्या आणि ही त्याच खाटांखालची भांडी उचलायची. कधी तक्रार केली नाही. पण यंदा तिनं बापाला न सांगता सरकारी नर्सिंगचा फॉर्म भरला आणि यादीत नाव आलं. जातीचा दाखला सोमवारी पाचच्या आत जमा करायचा होता. दाखल्याला कागद लागत होता, आणि तो कागद त्या ऑफिसच्या पोटात होता. म्हणून परसरामनं थुंकी गिळली आणि काम घेतलं.

परसराम पूर्वी राइस मिलमध्ये पोती वाहायचा. निन्याण्णव साली जिल्ह्याचे दोन तुकडे झाले आणि ऑफिसांचं अर्धं सामान ट्रकांत भरून गोंदियाला जायला लागलं, तेव्हा पहिल्यांदा कपाट त्याच्या खांद्यावर आलं. एका जिन्यावर भरलेल्या कपाटाचं दार उघडलं, गठ्ठे घसरले, तोल गेला आणि गुलाबच्या डाव्या पायाची दोन बोटं तिथेच राहिली. त्या दिवसापासून परसरामचे दोन नियम ठरले. भरलेलं कपाट उचलायचं नाही, मग ते कुणाचंही असो. आणि हलवलेलं सामान परत लावलं की ते डुगडुगता कामा नये. उचलण्याआधी तो प्रत्येक कपाटावर आणि त्याच्या भिंतीवर खडूनं सारखा आकडा टाकायचा. परत लावताना पायाखाली स्वतः तासलेली सागाची पाचर मारायचा. कागदाच्या घड्या, पुठ्ठे, विटेचे तुकडे त्याला चालत नसत. परसरामनं लावलेलं कपाट वर्षानुवर्षं हलत नाही, असं भंडाऱ्यातल्या बाबू लोकांत बोललं जायचं, आणि ते त्याच्या कानावर आलेलं होतं.

तर गुरुवारी सकाळी पहिला खटका या नियमावरूनच उडाला.

"सगळं रिकामं करत बसलास तर सोमवार इथंच उजाडेल," मधुकरराव म्हणाले. आता ते मोठे बाबू झाले होते, केस पांढरे झाले होते, हसणं तेच होतं. "कुलपं लावलेली आहेत. असंच सरकवा ना हळूहळू."

"भरली आलमारी मी हालवत नाही जी."

"अरे, मी सांगतो ना."

"तुमी सांगा का तुमचे साहेब सांगोत. गुलाबच्या पायाची बोटं मोजा आधी. मग सांगा."

गुलाबनं लगेच चप्पल काढून पाय पुढे केला. दोन-तीन बाबू हसले. मधुकररावांना ते आवडलं नाही, पण भंडाऱ्यात दोन दिवसांत सतरा कपाटं हलवणारी दुसरी टोळी नव्हती. किल्ल्या निघाल्या.

दिवसभर कपाटं रिकामी होत राहिली. त्यातून काय काय निघालं म्हणून सांगावं! सुकलेले हार, फुटके कप, बंद पडलेली घड्याळं, उंदराचं घर, गोंदियाला जायला हवे होते आणि चौदा वर्षांत कुणी पाठवले नाहीत असे गठ्ठे. त्या प्रत्येक गठ्ठ्यात कुणीतरी पंधरा दिवसांनी यायला सांगितलेला माणूस होता. परसराम एकेक गठ्ठा उचलायचा, कडेनं बोट फिरवायचा, रिबनचा हिरवा रंग शोधायचा आणि खाली ठेवायचा. तो सातवी शिकलेला होता, नावं वाचता यायची. गणवीर नावाच्या तीन फाइली निघाल्या. तिन्ही दुसऱ्यांच्या होत्या.

संध्याकाळी मोठं दुहेरी कपाट रिकामं झालं. ते शेवटचं होतं. त्यातही काही नव्हतं. परसराम त्याच्या रिकाम्या कप्प्यांत हात घालून चाचपत होता, तेवढ्यात मागून मधुकररावांचा आवाज आला.

"काय शोधतोस रे?"

"पोरीची फाइल."

"अजून ते डोक्यात आहे? सोड आता. पाच वर्षं झाली." आणि मग आजूबाजूच्या लोकांकडे बघत ते हसले. "मी काय खाल्ली का तुझी फाइल?"

सगळे हसले. तिथे हसण्यासारखं काय होतं हे त्यांचं त्यांना माहीत. परसरामच्या हातातला कप्प्याचा पत्रा वाकला. गुलाबनं त्याच्या पाठीवर हात ठेवला नसता तर तो पत्रा कुठे गेला असता सांगता येत नाही.

घरी प्रतिक्षानं काही विचारलं नाही. फक्त तोंडाकडे पाहिलं. परसरामनं मान हलवली.

"जाऊ द्या, बाबा," ती म्हणाली आणि भाकरी वाढली. तिनं आरडाओरडा केला असता, ताट फेकलं असतं, तर बरं झालं असतं. तेविसाव्या वर्षी पोरीला जाऊ द्या म्हणायची सवय लागली याचाच परसरामला संताप आला, आणि तो कुणावर काढायचा हे न कळल्यानं तो अर्ध्या भाकरीवरून उठला.

शुक्रवारी सकाळी बाकी कपाटं व्हरांड्यात गेली. कारपेटवाल्यांनी जुनं कारपेट एका बाजूनं सोलत आणलं आणि मोठ्या कपाटापाशी येऊन थांबले. ते एकच हलवायचं राहिलं होतं. रिकामं असूनही चौघांना जड. गुलाब आणि दोघांनी पुढून वर ओढलं, परसरामनं मागच्या डाव्या पायाशी सब्बल घातली आणि जोर दिला. पाय उचलला गेला आणि खालची पाचर निसटून फरशीवर पडली. लाकडाची नव्हती. खाकी कागदाची जाड घडी होती, दबून दबून फळीसारखी कडक झालेली, वर कपाटाच्या पायाचा चौकोनी गंजका डाग.

परसरामनं ती पायानं बाजूला सारली. सारताना तिची कड फाटली. फाटलेल्या जागेतून हिरवं दिसलं.

त्यानं सब्बल सोडली. "ठेवा," तो म्हणाला. "खाली ठेवा आलमारी." त्याचा आवाज असा निघाला की तिघांनी काही न विचारता कपाट टेकवलं.

तो उकिडवा बसला आणि घडी हातात घेतली, आणि त्याला सगळं आठवलं. पाच वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ. ठेकेदारानं कारपेट भिंतीपाशी वीतभर तोकडं कापलं होतं, त्यामुळे प्रत्येक कपाटाचे पुढचे पाय कारपेटवर आणि मागचे फरशीवर. सगळीच डुगडुगायला लागली. प्रत्येकाला मागून दोन पाचरी. सोळा कपाटं झाली, हे मोठं शेवटचं. त्याच्या उजव्या पायाखाली पिशवीतली शेवटची पाचर गेली. डाव्या पायाला नव्हती. "खाली जाऊन लाकूड तासून आणतो," परसराम म्हणाला होता. पाच वाजून गेले होते. मधुकररावांना कुलूप लावून घरी जायचं होतं. त्यांनी टेबलावरच्या ढिगातून एक खाकी लिफाफा उचलला आणि म्हणाले, "हे घे. रद्दीच आहे. मार आणि मोकळा हो."

आणि परसरामनं तो घेतला. कागदाची पाचर कधी न मारणाऱ्या माणसानं तो लिफाफा दोनदा दुमडला, पायाखाली सरकवला आणि वरून हातोडी मारली. तीनदा मारली. तळहातानं कपाट ढकलून पाहिलं. "वा परसराम, पहाडासारखी उभी केलीस," मधुकरराव म्हणाले होते, आणि त्याला बरं वाटलं होतं. मग त्यांनी पाजलेला चहाही तो प्यायला होता.

डोळ्यांपुढे लाल झालं म्हणतात ते त्याला तेव्हा कळलं. तो उठला. मधुकरराव व्हरांड्यात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. परसरामनं ती घडी त्यांच्या पेपरवर ठेवली आणि बोटानं हिरवी रिबन बाहेर काढून दाखवली.

मधुकररावांचं हसणं पहिल्यांदा गेलं. "अरे बापरे," ते म्हणाले. "ही इथं कुठं? बरं झालं सापडली. ठेव इथं, मी बघतो. सोमवारी तपासणी झाली की—" आणि त्यांनी हात पुढे केला.

"हात नोका लावू."

"अरे, माझ्याकडे दिल्याशिवाय—"

"हात नोका लावू म्हनलं ना! पाच वर्सं तुमच्याकडंच होती. तुमच्या खुर्चीमागं. तुमी तिले पाठ लावून बसत होते आन मले पुढच्या आठवड्यात ये म्हनत होते. बारा चकरा मारल्या मी. माझी पोरगी गू-मूत काढून राहिली तिथं, माहीत हाये का तुमाले? नर्स होणार होती ते!"

ऑफिसातलं माणूस न् माणूस व्हरांड्यात आलं. इतक्या लोकांसमोर मोठे बाबू खाली मान घालून उभे राहिले असते तर काही बिघडलं नसतं. पण त्यांना एक आठवलं, आणि आठवलं ते त्यांनी बोलून दाखवलं.

"मला काय माहीत होतं आत काय आहे? चुकून झालं. आणि पाचर तर तूच मारलीस, परसराम. तुझ्या हातानं."

गुलाब परसरामच्या आणि मधुकररावांच्या मधे येऊन उभा राहिला, कारण परसरामचा हात वर गेलेला त्यानं पाहिला होता. हात तसाच थोडा वेळ वर राहिला आणि खाली आला.

"हो," परसराम म्हणाला. "मीच मारली. बंद लिफाफ्यातलं मले दिसलं नाही. तुमाले तर उघडून पाहता येत होतं. त्याचीच नोकरी होती तुमची."

मग तो आपल्या माणसांकडे वळला. "गुलाब, ते मोठी आलमारी आना. मॅडमच्या दारात ठेवा. आडवी."

चौघांनी कपाट उचललं आणि दाखल्यांवर सही करणाऱ्या साहेब मॅडमच्या केबिनच्या दारात आडवं टाकलं. व्हरांड्यात आधीच सोळा कपाटं, उलटी टेबलं आणि खुर्च्यांची चळत. आता आतला बाहेर येईना आणि बाहेरचा आत जाईना. परसराम त्या आडव्या कपाटावर बसला, घडी मांडीवर घेऊन.

"सही होत नाही तोपर्यंत एक खुर्ची जागेवर जात नाही," तो म्हणाला. "बोलवा पोलिसाले. पोलिसालेच सांगा मग सामान लावाले. सोमवारी साहेब येतीन, त्यायले इथंच बसवा, उलट्या टेबलावर."

मॅडम वर्षभरापूर्वी इथे आलेल्या, तिशीतल्या. गलका ऐकून त्या कपाटाच्या कडेनं अंग चोरून बाहेर आल्या, साडीला गंज लागला. सगळं ऐकून घेतलं. परसरामसमोर येऊन त्यांनी हात पुढे केला, आणि परसरामनं क्षणभर विचार करून घडी त्यांना दिली. पण रिबनचं टोक त्यानं आपल्या मुठीत धरून ठेवलं.

मॅडमनी एका खुर्चीवर बसून तो लिफाफा नखानं हळूहळू सोडवला. आत अर्ज, तलाठ्याचा अहवाल, शिफारस, सगळं होतं. मॅडमनी खालची तारीख वाचली, पुन्हा वाचली आणि मोठ्यानं म्हणाल्या, "तीन जुलै दोन हजार आठ. सगळं पूर्ण झालेलं आहे. फक्त सही राहिली होती." त्यांनी मधुकररावांकडे पाहिलं. मधुकरराव कारपेटच्या गुंडाळीकडे बघत होते.

सगळ्यात आत कवडूची चिठ्ठी होती. आठ घड्या पडलेल्या, कडा पिवळ्या, एका कोपऱ्यावर गंज उतरलेला. पण वाळवी नाही, ओल नाही. पाच वर्षं अडीचशे किलोच्या कपाटाखाली तिला हवासुद्धा लागली नव्हती. नाव दिसत होतं, बापाचं नाव दिसत होतं, आणि तो शब्दही मास्तराच्या काळ्या शाईत जसाच्या तसा होता.

मॅडमनी नवा अर्ज तिथेच लिहून घेतला. तलाठ्याला फोन लावला, खात्री करून घेतली. सही करायला टेबल सरळ उभं नव्हतं, तर एका उलट्या टेबलाच्या तळावर कागद ठेवून केली. मग शिक्का सापडेना. कपाटं रिकामी करताना तो कुठल्या गठ्ठ्यात गेला कुणाला ठाऊक. दीड तास सगळं ऑफिस गुडघ्यांवर बसून शिक्का शोधत होतं, मधुकररावसुद्धा. परसराम कपाटावर बसून बघत होता. त्याला हसू आलं नाही. दीड तास त्यांना लागला, आपल्याला पाच वर्षं लागली, एवढाच हिशेब त्याच्या डोक्यात होता.

"मी माफी मागते," दाखला हातात देताना मॅडम म्हणाल्या.

"तुमी नव्हते जी तवा," परसराम म्हणाला. मधुकररावांकडे त्यानं पाहिलंही नाही.

दुपारनंतर नवं कारपेट पडलं आणि चौघं सामान आत घ्यायला लागले. घेतलेलं काम अर्धं टाकून जाणं परसरामच्या रक्तात नव्हतं. नवं कारपेटही भिंतीपाशी वीतभर तोकडंच होतं. सोळा कपाटांना त्यानं सागाच्या पाचरी मारल्या. शेवटी मोठं कपाट मधुकररावांच्या खुर्चीमागे उभं राहिलं. उजव्या पायाखाली पाचर गेली. डाव्या पायाची पाचर परसरामच्या हातात होती. या वेळी तो मोजून आणायला चुकला नव्हता.

त्यानं कपाटाला तळहात लावून ढकललं. कपाट डुगडुगलं.

"मार ना," मधुकरराव हळूच म्हणाले.

परसरामनं पाचर पिशवीत टाकली. "नाही मारत," तो म्हणाला. "हालू द्या. तुमच्या पाठीशी हालत राहीन, तर आठवन राहीन."

चौदा वर्षांत पहिल्यांदा तो डुगडुगतं कपाट मागे ठेवून निघाला. सायकलवर शहापूरपर्यंत त्याला दाखल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मधुकररावांचं "पाचर तर तूच मारलीस" हे वाक्य सायकलच्या चाकात अडकल्यासारखं सोबत येत होतं, आणि ते खोटं नव्हतं हाच सगळ्यात मोठा राग होता.

प्रतिक्षा नुकतीच कामावरून येऊन हात धूत होती. परसरामनं खिशातून दाखला काढून दिला, मग आजोबाची चिठ्ठी, मग रिबन. ती तिथेच ओल्या हातांनी उभी राहिली. कागदाला पाणी लागू नये म्हणून तिनं आधी हात पदराला पुसले आणि मग घेतला. दोनदा वाचला.

"कुठं होतं?"

नाही सांगितलं असतं तर चाललं असतं. कपाटात सापडलं म्हटलं असतं तर पोरीनं विश्वास ठेवला असता. पण परसराम ओट्यावर बसला आणि सगळं सांगितलं. संपलेल्या पाचरी, खाकी लिफाफा, तीनदा मारलेली हातोडी, वरून प्यायलेला चहा. काहीही वगळलं नाही. सांगताना तो पोरीकडे पाहत नव्हता.

प्रतिक्षानं ऐकून घेतलं. ती रिबनच्या गंज लागलेल्या टोकावरून बोट फिरवत राहिली.

"कोणती आलमारी? बाबूच्या मागची? बाकाजवळची?"

"हो."

"मी तिलेच टेकून बसत होती, बाबा," ती म्हणाली. "बाराही वेळा."

परसरामनं कमरेची पाचरींची पिशवी सोडून ओट्यावर ठेवली.

"पाचर पक्की मारली होती तुमी," प्रतिक्षा म्हणाली. तिच्या आवाजात रडू नव्हतं आणि जाऊ द्याही नव्हतं. "एकदाबी हालली नाही."

हेच शब्द परसरामनं चौदा वर्षं भंडाऱ्यातल्या साऱ्या ऑफिसांतून ऐकले होते आणि प्रत्येक वेळी त्याची मान ताठ झाली होती. त्या संध्याकाळी ती वर होईना.